अमेरिकेतल्या घराचा सेंट्रल एसी आणि हीट पंप: कोटेशनमधले शब्द कसे वाचायचे

पुण्यात एसी घ्यायचा तर खोली केवढी, दीड टन पुरेल का आणि स्टार किती, एवढं विचारलं की काम होतं. न्यू जर्सीत किंवा डॅलसजवळ घर घेतलं आणि पंधरा वर्षांचं जुनं यंत्र जुलैत बसलं, की एचव्हॅकवाला (घर गरम-थंड करणाऱ्या यंत्रांची कामं करणारा) कॉन्ट्रॅक्टर एक कागद हातात ठेवतो. त्यावर असं काहीतरी असतं: ‘३ टन हीट पंप, टू-स्टेज, १५.२ सीअर२, ७.८ एचएसपीएफ२, आर-४५४बी, १० किलोवॉट हीट किट, जुनी लाइनसेट वापरणार.’ हीच ओळ समोर ठेवून एकेक शब्द बघू. या ओळीत जे लिहिलेलं नसतं, ते बहुतेक वेळा लिहिलेल्यापेक्षा महत्त्वाचं ठरतं. तेही वाटेत येईलच.

आधी ‘गॅस’चा घोटाळा मिटवू

आपल्याकडे ‘एसीतला गॅस संपला’ म्हणतात तेव्हा ते रेफ्रिजरंटबद्दल, म्हणजे नळ्यांतून फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याबद्दल असतं. अमेरिकेत ‘गॅस’ म्हणजे फर्नेसमध्ये जळणारा नॅचरल गॅस. फोनवर ‘गॅस लीक आहे’ म्हणालात तर समोरचा माणूस तुम्हाला घराबाहेर पडून गॅस कंपनीला फोन करायला सांगेल. एसीबद्दल बोलताना ‘रेफ्रिजरंट’ हाच शब्द वापरा.

हिवाळ्याची सोय तीन तऱ्हेची असते. फर्नेस इंधन जाळून उष्णता तयार करते. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उचलून आत आणतो. आणि ड्युअल फ्युएल म्हणजे दोन्ही: सौम्य थंडीत हीट पंप, कडाक्याच्या थंडीत गॅस फर्नेस. फर्नेसच्या कागदावर ‘एएफयूई’ हा आकडा असतो. ८० टक्के एएफयूई म्हणजे शंभर रुपयांच्या गॅसमधले वीस रुपये धुराड्यातून बाहेर गेले. ९० टक्क्यांच्या वरच्या फर्नेसला धातूच्या धुराड्याऐवजी पीव्हीसीचा पाइप असतो, त्यावरून ती लांबूनही ओळखता येते.

यंत्र कुठे काय असतं

बाहेरच्या पेटीला सगळे ‘कंडेन्सर’, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग, म्हणतात. हीट पंपाच्या बाबतीत ते अर्धसत्य आहे, कारण हिवाळ्यात तीच पेटी इव्हॅपोरेटरचं, म्हणजे उष्णता शोषून घ्यायचं, काम करते. म्हणून कागदावर नुसतं ‘आउटडोअर युनिट’ दिसलं तर गोंधळू नका. आत ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) आणि कॉइल (रेफ्रिजरंट फिरवणाऱ्या नळ्यांचं वेटोळं) असलेली पेटी म्हणजे ‘एअर हँडलर’. घरात गॅस फर्नेस असेल तर वेगळा एअर हँडलर नसतो. फर्नेसचाच ब्लोअर वापरतात आणि कॉइल तिच्या डोक्यावर बसवतात. टेक्सासात हे सगळं बहुधा ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, सापडतं, न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये.

आतली आणि बाहेरची पेटी जोडणाऱ्या दोन तांब्याच्या नळ्या म्हणजे ‘लाइनसेट’. जाड, काळं फोम गुंडाळलेली ती सक्शन लाइन, बारीक ती लिक्विड लाइन. ‘टीएक्सव्ही’ हा व्हॉल्व्ह कॉइलमध्ये किती रेफ्रिजरंट सोडायचं ते गरजेप्रमाणे कमीजास्त करतो. जुन्या यंत्रात त्याच्या जागी ठरावीक भोकाचा पिस्टन असतो. हीट पंपाला एसीपासून वेगळं करणारा मुख्य भाग म्हणजे ‘रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह’. तो रेफ्रिजरंटची दिशा उलटी करतो, आणि उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर फेकणारं यंत्र हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत ओढू लागतं.

टन

टन हे वजन नाही. दोन हजार पौंडांचा, म्हणजे अमेरिकन हिशेबाचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) किंवा साधारण साडेतीन किलोवॉट. भारतातला टन आणि इथला टन एकच. फरक इतकाच की तिथे तो एका खोलीला लागतो आणि इथे अख्ख्या घराला.

जुनं यंत्र किती टनाचं ते शोधायला बाहेरच्या पेटीची पाटी वाचा. मॉडेल नंबरात ०२४, ०३०, ०३६, ०४२, ०४८ किंवा ०६० यांपैकी काहीतरी दडलेलं असतं. तो आकडा बाराने भागा: ०३६ म्हणजे ३ टन, ०४२ म्हणजे साडेतीन.

आता कागदावर नसलेला पहिला शब्द: ‘मॅन्युअल जे’. घराचा लोड, म्हणजे घर थंड किंवा गरम ठेवायला किती क्षमता लागेल ते, काढायची ही प्रमाण पद्धत आहे. खिडक्या कोणत्या दिशेला, ॲटिकमध्ये इन्सुलेशन किती, हवा कुठून झिरपते, त्या गावाचं डिझाइन तापमान काय, हे सगळं घालून उत्तर निघतं. बरेच कॉन्ट्रॅक्टर त्याऐवजी ‘पाचशे स्क्वेअर फुटाला एक टन’ असा ठोकताळा लावतात, किंवा जुनं ४ टन होतं म्हणून नवंही ४ टन लिहून मोकळे होतात. मधल्या काळात तुम्ही खिडक्या बदलल्या असतील, इन्सुलेशन वाढवलं असेल, तर जुना आकडा चुकीचाच ठरेल. म्हणून विचारा: ‘मॅन्युअल जेचा रिपोर्ट मिळेल का?’ जो माणूस खिडकी मोजत नाही, ॲटिकमध्ये डोकावत नाही, त्याच्याकडे तो रिपोर्ट नसतो.

‘थोडं मोठंच घेऊ, गार तरी होईल’ हा विचार आपल्या घरांत हमखास निघतो. सेंट्रल एसीत तो महागात पडतो. कॉइलवर हवेतला दमटपणा पाणी होऊन ठिबकायला यंत्र सलग काही मिनिटं चालावं लागतं. मोठं यंत्र पाच-सहा मिनिटांत थर्मोस्टॅटचा आकडा गाठतं आणि बंद होतं, थोड्या वेळाने पुन्हा सुरू. याला ‘शॉर्ट सायकलिंग’ म्हणतात. घर ७२ अंशांवर (इथले सगळे अंश फॅरनहाइट) असतं, पण अंग चिकट राहतं, मग लोक ६९ लावतात. ह्यूस्टनसारख्या दमट गावात हा त्रास लगेच कळतो, फिनिक्सच्या कोरड्या हवेत फारसा नाही. वरचेवर सुरू-बंद झाल्याने कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं ते वेगळंच.

सीअर२

एका मोसमात यंत्राने किती बीटीयू उष्णता काढली, भागिले त्यासाठी किती वॅट-तास वीज खाल्ली, तो भागाकार म्हणजे सीअर. १ जानेवारी २०२३ पासून त्याची जागा सीअर२ने घेतली. चाचणीत ब्लोअरला पूर्वी डक्टचा, म्हणजे घरभर हवा नेणाऱ्या बोगद्यांचा, जवळजवळ विरोधच नसायचा. नव्या चाचणीत तो ०.५ इंच पाण्याच्या दाबाइतका धरतात, म्हणजे खऱ्या घराच्या जवळ. त्यामुळे तेच यंत्र आता कमी आकडा दाखवतं: जुना १४ सीअर म्हणजे साधारण १३.४ सीअर२, जुना १६ म्हणजे साधारण १५.२. एका कॉन्ट्रॅक्टरने सीअर लिहिलंय आणि दुसऱ्याने सीअर२, तर आधी दोघांनाही सीअर२ लिहून द्यायला सांगा, मगच तुलना करा.

कायद्याने लागणारा किमान आकडा असा. उत्तरेकडच्या राज्यांत, उदाहरणार्थ न्यू जर्सी किंवा इलिनॉय, स्प्लिट सेंट्रल एसीला १३.४. दक्षिणेत, म्हणजे टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना वगैरे, ४५,००० बीटीयूखालच्या यंत्राला १४.३ आणि त्यावरच्याला १३.८. स्प्लिट हीट पंपाला सगळीकडेच १४.३.

जास्त सीअर२चे पैसे वसूल होतात का, याचं गणित कागदावर दोन मिनिटांत होतं. ३ टन म्हणजे ३६,००० बीटीयू. भागिले १४.३ केलं तर सुमारे २,५१७ वॅट, भागिले १७ केलं तर सुमारे २,११८. फरक ४०० वॅटचा. मोसमात यंत्र पूर्ण ताकदीने हजार तास चालल्याइतकं काम करत असेल तर ४०० युनिट वाचले. विजेचा दर १७ सेंट धरला तर वर्षाला ६८ डॉलर. १७ सीअर२साठी तीन हजार डॉलर जास्त मागत असतील तर उत्तर समोरच आहे. तुमच्या बिलावरचा दर घालून हाच हिशेब करा, टेक्सासात तास बरेच जास्त येतील.

भारतातल्या आयसीअरशी (एसीचे स्टार ज्यावर ठरतात त्या आकड्याशी) हा आकडा ताडून बघू नका. आयसीअर वॅटला वॅट असा गुणोत्तरात असतो, सीअर२ वॅट-तासाला बीटीयू असा, आणि दोन्हींत धरलेलं हवामानही वेगळं. १५ हे ५ च्या तिप्पट चांगलं, असा अर्थ होत नाही.

‘ईईआर२’ हा त्याचाच भाऊ, पण मोसमाचा नव्हे, तर बाहेर ९५ अंश फॅरनहाइट असताना एका क्षणाचा. फिनिक्स किंवा डॅलसमध्ये मी सीअर२पेक्षा याच्याकडे आधी बघेन.

हे आकडे आतली आणि बाहेरची पेटी जोडीने तपासून दिलेले असतात. बाहेरची नवीन आणि आतली कॉइल जुनीच, तर १५.२ हा आकडा तुमच्या घरात लागू नाही. कोटेशनवर ‘एएचआरआय’ (अशा जोड्यांचे आकडे प्रमाणित करणारी संस्था) नंबर मागा. त्या संस्थेच्या वेबसाइटवर तो टाकला की ती जोडी खरंच तपासलेली आहे का आणि आकडे कोणते, ते दिसतं.

एचएसपीएफ२, सीओपी आणि हिवाळा

एचएसपीएफ२ म्हणजे हिवाळ्याचा सीअर२. किमान ७.५ लागतो. ३.४१२ने भागलं की मोसमाची सरासरी सीओपी मिळते: ७.८ चे झाले २.२९. याचा अर्थ एक युनिट विजेत २.२९ युनिट उष्णता घरात आली. साध्या इलेक्ट्रिक हीटरची सीओपी १, त्याहून वर ती जाऊच शकत नाही.

पण सरासरीच्या पोटात बरंच काही लपतं. बाहेर थंडी वाढत जाते तशी हीट पंपाची ताकद घटते आणि त्याच वेळी घराची गरज वाढते. या दोन रेषा जिथे छेदतात ते तापमान म्हणजे ‘बॅलन्स पॉइंट’. त्याखाली हीट पंप एकटा पुरत नाही. म्हणून ३ टन हीट पंप घेताना विचारायचं ते हे: ४७ अंशांना ३६,००० बीटीयू देणारं हे यंत्र १७ अंशांना किती देतं? आणि ५ अंशांना? साध्या यंत्रात १७ अंशांना मोठी घट दिसते. ‘कोल्ड क्लायमेट’ म्हणून विकलं जाणारं इन्व्हर्टर यंत्र ५ अंशांनाही बरीच ताकद टिकवतं. शिकागो किंवा बॉस्टनमध्ये हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका, अटलांटात एवढी निकड नाही.

हीट किट, ऑक्स हीट, इमर्जन्सी हीट

हीट किट म्हणजे एअर हँडलरमधल्या विजेच्या कॉइल, गीझरच्या कॉइलच्याच जातीच्या. १० किलोवॉटचा किट तासाला ३४,१२० बीटीयू देतो आणि त्याला बहुधा ६० अँपिअरचा स्वतंत्र ब्रेकर लागतो. पॅनेलमध्ये जागा नसेल तर इलेक्ट्रिशियनचा खर्च वेगळा, तो कोटेशनमध्ये आहे की नाही ते पाहून घ्या.

हीट पंप कमी पडला की थर्मोस्टॅट आपणहून या कॉइल मदतीला घेतो, ती ‘ऑक्स हीट’. ‘इमर्जन्सी हीट’ वेगळी. ते बटण दाबलं की हीट पंप पूर्ण बंद आणि घर फक्त कॉइलवर. कॉम्प्रेसर मेला असेल तेव्हाच ते वापरायचं. ‘आज थंडी फार आहे’ म्हणून दाबून ठेवलं आणि विसरलं, की महिनाअखेरीला वीजबिल दुपटीच्या घरात जातं. विसरून जाणारे कमी नाहीत.

रात्री थर्मोस्टॅट ८ अंशांनी उतरवून सकाळी एकदम वर चढवायची सवय फर्नेसला ठीक. साध्या हीट पंपाला एवढी उडी दिली की सकाळी सहाला ऑक्स हीट पेटते आणि रात्रभर वाचवलेलं खाऊन टाकते. दोन-तीन अंशांचाच फरक ठेवा. कॉन्ट्रॅक्टरला ‘ऑक्स लॉकआउट’ लावून द्यायला सांगा. बाहेरचं तापमान ठरावीक आकड्याच्या वर असेल तर कॉइल चालूच होणार नाहीत.

हीट पंपाची हवा हाताला कोमट लागते. व्हेंटमधून ९० ते १०० अंशांची हवा येते, फर्नेसची १२० च्या पुढे असते. शरीराचं तापमान ९८.६, म्हणून ९५ अंशांचा झोत ‘गार’ भासतो. घर सेट केलेल्या आकड्यावर टिकतंय ना, एवढंच बघा.

जानेवारीत बाहेरच्या पेटीतून वाफ निघते, ‘फुस्स’ आवाज येतो, पंखा थांबतो. हे ‘डीफ्रॉस्ट’. कॉइलवरचं हिम वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं, म्हणजे एसीसारखं, चालतं. बिघाड नाही. पेटी वरपासून खालपर्यंत तासन्‌तास बर्फाची लादी होऊन राहिली तर मात्र डीफ्रॉस्ट बोर्ड, सेन्सर किंवा रेफ्रिजरंट यांपैकी काहीतरी गडबड आहे. स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ खरवडू नका, ॲल्युमिनियमचे पत्रे आणि नळ्या फाटतात. पेटीवर गटरचं पाणी ठिबकत नाही ना आणि ती बर्फाच्या थराच्या वर, पायांवर उभी आहे ना, ते आधीच बघून ठेवा.

टू-स्टेज आणि ‘व्हेरिएबल स्पीड’ची गंमत

सिंगल-स्टेज म्हणजे चालू किंवा बंद. टू-स्टेजला साधारण ६५-७० टक्क्यांची खालची पायरी असते, बहुतेक दिवस तिच्यावरच निघतात. इन्व्हर्टर त्याहून खाली उतरून सलग चालत राहतो. पण ‘व्हेरिएबल स्पीड’ दिसलं की विचारा: कॉम्प्रेसर की नुसता ब्लोअर? ब्लोअरची मोटर व्हेरिएबल आणि कॉम्प्रेसर सिंगल-स्टेज अशी यंत्रं याच शब्दाखाली विकली जातात.

सीएफएम आणि स्टॅटिक प्रेशर: कोटेशनमध्ये न सापडणारी जोडी

हवा किती वाहते ते सीएफएममध्ये मोजतात, मिनिटाला किती घनफूट. एका टनाला सुमारे ४०० सीएफएम लागते, दमट भागात ३५० पर्यंत उतरवतात. ३ टनाला झाली १,२०० सीएफएम. एवढी हवा तुमच्या डक्टमधून जाते का? ते सांगतो ‘स्टॅटिक प्रेशर’, डक्टचं ब्लड प्रेशर म्हणा. बहुतेक एअर हँडलर ०.५ इंच पाण्याच्या दाबासाठी बनवलेले असतात. डक्ट अरुंद असेल, रिटर्नची (घरातली हवा यंत्राकडे परत नेणारी) जाळी एकच आणि लहान असेल, तर हा आकडा ०.८-०.९ वर चढतो. मग १७ सीअर२चं यंत्रसुद्धा आवाज करतं, मोटर गरम होते आणि लांबच्या बेडरूमला हवा पोचत नाही. मोजायला दोन छोटी भोकं आणि एक मॅनोमीटर (हवेचा दाब मोजायचं यंत्र) लागतो, दहा मिनिटांचं काम. नवीन यंत्र ठरवण्यापूर्वी ते करून घ्या.

हा दाब घरातले लोकही नकळत वाढवतात. वापरात नसलेल्या खोल्यांचे व्हेंट बंद करणं ही आपली काटकसर, आणि सेंट्रल सिस्टीममध्ये तोच अपाय. ब्लोअरचं काम कमी होत नाही, हवेच्या वाटा तेवढ्या कमी होतात. दुसरं म्हणजे फिल्टर. ‘मर्व्ह’ आकडा जितका मोठा तितकी बारीक धूळ अडते, पण हवाही अडते. एक इंची जाडीच्या खाचेत मर्व्ह १३ घुसवण्यापेक्षा मर्व्ह ८ बरा. मर्व्ह १३ हवाच असेल तर ४ इंची फिल्टरचं कॅबिनेट बसवून घ्या. एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांनी बदलायचा, ४ इंची सहा ते बारा महिन्यांनी. रिटर्न जाळी स्वयंपाकघराजवळ आणि रेंज हूड (शेगडीवरची चिमणी) धूर बाहेर न सोडणारा असेल, तर फोडणीच्या धुराने फिल्टर लवकर चिकट होतो. फिल्टरवरचा बाण ब्लोअरच्या दिशेने.

हवा कमी पडली की आतली कॉइल गोठते. व्हेंटमधून हवा येईनाशी होते, सक्शन लाइनवर पांढरं हिम दिसतं. अशा वेळी थर्मोस्टॅटवर ‘कूल’ बंद करा, ‘फॅन’ ऑटोवरून ऑनवर न्या, फिल्टर बदला आणि बर्फ पूर्ण वितळेपर्यंत काही तास थांबा. नंतर पुन्हा गोठली तर फिल्टर हे कारण नव्हतं. बहुधा रेफ्रिजरंट कमी झालंय.

आर-४५४बी आणि जुनी लाइनसेट

आर-२२ या जुन्या रेफ्रिजरंटचं नवं उत्पादन आणि आयात अमेरिकेत २०२० च्या सुरुवातीला थांबली. त्यानंतरचा सगळ्यांचा आर-४१०ए होता. १ जानेवारी २०२५ पासून घरगुती नव्या यंत्रांत ७०० च्या वर जीडब्ल्यूपी (पृथ्वी तापवण्याची ताकद, कार्बन डायऑक्साइडच्या किती पट) असलेलं रेफ्रिजरंट भरून यंत्र बनवता येत नाही. आर-४१०ए चा जीडब्ल्यूपी २,०८८, म्हणून आता आर-४५४बी (४६६) किंवा आर-३२ (६७५). दोन्ही ‘ए२एल’ वर्गातली, म्हणजे किंचित ज्वलनशील, त्यामुळे आतल्या पेटीत गळती ओळखणारा सेन्सर दिसू शकतो. जुन्या ४१०ए यंत्रात ही भरता येत नाहीत. जुनं यंत्र मात्र दुरुस्त करून वापरायला मुभा आहे.

रेफ्रिजरंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. दर उन्हाळ्याला ‘टॉप-अप’ लागतोय म्हणजे कुठेतरी गळतंय. गळती न शोधता नुसतं भरून जाणाऱ्याला दोनदा पैसे देऊ नका.

‘जुनी लाइनसेट वापरणार’ हे नेहमीच वाईट नाही, विशेषतः ती भिंतीत गाडलेली असेल तर. पण तीन गोष्टी लिहून घ्या: नळ्यांचा व्यास नव्या यंत्राच्या मॅन्युअलशी जुळतो, नायट्रोजन भरून दाबाची चाचणी होईल, आणि व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली नेऊन तो टिकतो का ते बघितलं जाईल. फॅक्टरीतून भरलेलं रेफ्रिजरंट बहुधा १५ फूट नळीपुरतं असतं. त्याहून लांब असेल तर वजन करून वर घालावं लागतं आणि टीएक्सव्हीच्या यंत्रात ‘सबकूलिंग’ (द्रव झाल्यावर रेफ्रिजरंट आणखी किती अंश थंड झालं ते) मोजून ते बरोबर आहे का ते ठरवतात. काम संपल्यावर तो आकडा कागदावर मागा.

पाणी, कपॅसिटर आणि थर्मोस्टॅटच्या तारा

भर जुलैत थर्मोस्टॅटचा पडदाच काळा पडला, तर ब्रेकर बघून झाल्यावर एअर हँडलरखालची परात बघा. ड्रेनचा पाइप शेवाळाने तुंबला की परातीत पाणी चढतं आणि ‘फ्लोट स्विच’ वीज तोडतो, छत वाचावं म्हणून. बाहेरच्या टोकाला वेट-ड्राय व्हॅक्यूम लावून पाइप ओढून काढा. उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांनी कपभर व्हिनेगर ओतलं तर तुंबणं टळतं. ॲटिकमध्ये यंत्र असूनही फ्लोट स्विच नसेल तर तो आधी बसवा.

बाहेरची पेटी गुणगुणते पण पंखा फिरत नाही, असं असेल तर बहुधा ‘कपॅसिटर’ गेलाय. भाग स्वस्त आहे, पण वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज उरतो, म्हणून हात घालू नका. नव्या यंत्राच्या पाटीवर ‘एमओपी’ हा ब्रेकरचा कमाल आकडा असतो. तिथे ३० लिहिलंय आणि पॅनेलमध्ये जुना ४० चा ब्रेकर तसाच राहिला, तर इन्स्पेक्टर काम नापास करतो.

स्मार्ट थर्मोस्टॅट स्वतः लावणार असाल तर जुन्याच्या तारांचा फोटो आधी काढा. अक्षरं बघा, तारेचा रंग नव्हे. आर म्हणजे २४ व्होल्ट, सी म्हणजे परतीची तार, वाय कॉम्प्रेसर, जी ब्लोअर, डब्ल्यू फर्नेस किंवा ऑक्स हीट. सी तार नसेल तर बऱ्याच स्मार्ट थर्मोस्टॅटना पुरेशी वीज मिळत नाही. ओ/बी ही हीट पंपाची खास तार, रिव्हर्सिंग व्हॉल्व्हची. बहुतेक कंपन्यांच्या यंत्रात थंड करताना तिच्यात वीज असते, ऱ्हीम आणि रूड यांच्यात गरम करताना. सेटिंग उलटं पडलं की ‘कूल’ लावल्यावर घर तापतं. यंत्र बिघडलेलं नसतं, मेनूत ओ चं बी केलं की ठीक होतं.

वॉरंटीची एक ओळही वाचा. बऱ्याच कंपन्या सुट्या भागांची दहा वर्षांची वॉरंटी यंत्र बसवल्यापासून ६० किंवा ९० दिवसांत नोंदणी केली तरच देतात, एरवी पाचच वर्षं. मजुरी बहुधा तिच्यात नसते. नोंदणी कॉन्ट्रॅक्टर करणार म्हणाला असेल तर सिरियल नंबर टाकून ती झालीय का ते स्वतः बघा, आणि त्याच दिवशी दोन्ही पाट्यांचे फोटो काढून ठेवा.